कुत्रा गुटगुटीत कधी झाला?

आज विषय जरा वेगळा आहे. राजे नाहीत, लढाया नाहीत, तह नाहीत. आज आपण लठ्ठ कुत्र्याचा इतिहास बघणार आहोत. हसू नका, खरंच सांगतेय. कुत्रा फिरवता फिरवता ऐकत असाल तर एकदा खाली बघा आणि पुढे ऐका.

तुमच्यापैकी जे सीबीएसईला होते त्यांना दहावीचं इंग्रजीचं ते छोटं पुस्तक आठवत असेल, 'फूटप्रिंट्स विदाऊट फीट'. त्यातला पहिलाच धडा ट्रिकी नावाच्या कुत्र्याचा. श्रीमंत बाई, मिसेस पंफ्री, त्यांचा लाडका पेकिनीज. केक, चॉकलेट, क्रीम असलं खाऊन खाऊन त्याचा पार फुगा झालेला. डॉक्टर बजावतात, खाणं कमी करा. बाई हो हो म्हणतात आणि कुत्रा अशक्त दिसतोय म्हणून उलट जास्त चारतात. शेवटी तो जेवणच सोडतो, आणि डॉक्टर त्याला उचलून आपल्या दवाखान्यात नेतात. तिथे औषध काय? काही नाही! दोन दिवस नुसतं पाणी, मग इतर कुत्र्यांबरोबर साधं खाणं आणि अंगणात हुंदडणं. दोन आठवड्यांत गडी उड्या मारायला लागतो. दरम्यान बाई त्याला ताकद यावी म्हणून अंडी, वाइन, ब्रँडी पाठवत राहतात आणि डॉक्टर मंडळी ते सगळं स्वतः फस्त करतात.

शाळेत आपण हा धडा विनोदी म्हणून वाचला. पण लेखक जेम्स हेरियट हे खरे पशुवैद्य होते. त्यांचं खरं नाव आल्फ वाइट. १९४० साली ते इंग्लंडमध्ये यॉर्कशायरमधल्या थर्स्क गावी काम करायला आले आणि आयुष्यभर त्याच भागात राहिले. ट्रिकीसुद्धा खऱ्या कुत्र्यावरून घेतलेला. त्याचं नाव बांबी, आणि त्याच्या मालकीणबाई वाइट यांच्याकडे खरोखरच खाऊच्या पेट्या पाठवायच्या. (एक सूचना इथेच देऊन ठेवते: म्हाताऱ्या कुत्र्याला दोन दिवस उपाशी ठेवायचा प्रयोग घरी करू नका. आजचा कुठलाही डॉक्टर तसं सांगणार नाही.)

मला त्या धड्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ट्रिकीला काहीच आजार नव्हता. त्याला फक्त घरातून बाहेर काढावं लागलं. म्हणजे बिघाड कुत्र्यात नव्हता, घरात होता. आणि हे असं कधीपासून व्हायला लागलं? कारण माणसाजवळ कुत्रा हजारो वर्षं आहे, पण गुटगुटीत कुत्रा ही तशी ताजी गोष्ट आहे.

आधी जुना काळ बघू. साधारण २००० वर्षांपूर्वी रोममध्ये कोलुमेला नावाच्या माणसाने शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात कुत्र्यांवर एक भाग आहे. तो म्हणतो, घराची राखण करणारा कुत्रा अंगाने दांडगा असला तरी चालेल, पण मेंढरांमागचा कुत्रा इतका जड नको, त्याला लांडग्यामागे धावायचंय. खायला काय? जवाचं पीठ आणि दुधाचं पाणी. त्याच्याही आधीचा वारो हा दुसरा रोमन लेखक जवाची भाकरी दुधात कुस्करून द्यायला सांगतो. वाचताना मला तर आपल्याकडचीच वाडी-वस्ती डोळ्यांसमोर आली. या जुन्या लेखकांना कुत्र्याचं शरीर कसं असावं याची काळजी आहे, पण त्याचं माप त्याच्या कामावरून ठरतंय. किती खाऊ घालायचं हा प्रश्न वेगळा येतच नाही, कारण दिवसभरात तो सगळं जाळून टाकतो.

आपल्याकडचे धनगरांचे कुत्रे घ्या. पावसाळा संपला की मेंढ्यांचे कळप देशावरून कोकणाकडे निघायचे, मागे कुत्री. रात्री वाड्याभोवती राखण, दिवसा पायपीट, आणि खायला भाकरतुकडा. आता कोणी म्हणेल, कुत्रा तर मांसाहारी, त्याला भाकरी कशी पचते? त्याचं उत्तर २०१३ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आलं. स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी लांडग्यांची आणि कुत्र्यांची जनुकं ताडून बघितली. पिठूळ पदार्थ पचवायला जो पाचकरस लागतो, त्याच्या जनुकाच्या लांडग्यात मोजून दोनच प्रती असतात आणि कुत्र्यात त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे माणूस शेती करून भाकरी खायला लागला, आणि त्याच्या दारातला कुत्राही आतून बदलला. आपल्या भाकरीने कुत्रा घडवला, हे अगदी शब्दशः खरं आहे.

आणि भाकरी म्हटलं की संत नामदेवांची गोष्ट आलीच. कुत्रा भाकरी पळवतो आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावतात, कोरडी खाऊ नकोस रे देवा, तूप तरी लावू दे. लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली. गोष्टीचा अर्थ मोठा आहे, सगळ्या जिवांत देव बघण्याचा, त्यावर मी बोलणार नाही. पण इतिहासाच्या नजरेने बघा: ज्या समाजात ही गोष्ट जन्मली, तिथे कुत्र्याला तूप मिळणं ही चमत्कारासारखी बाब होती. म्हणून तर ती गोष्ट झाली! आज माझ्या ओळखीच्या निम्म्या घरांत कुत्र्याच्या पोळीला रोज तूप लागतं. आपण सगळे नामदेव झालोय, पण कुत्रा आता पळत नाही, सोफ्यावर पडून असतो.

पुढचा थांबा लॅब्रॅडॉर. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये हा पिवळा-काळा प्राणी किती आहे ते तुम्हाला माहीतच आहे. याचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरचे कोळ्यांचे कुत्रे. बर्फासारख्या पाण्यात उडी मारायची, निसटलेले मासे धरायचे, दोर ओढून आणायचे. मासळीच्या जहाजांतून ते इंग्लंडच्या पूल बंदरात उतरले, तिथल्या उमरावांनी शिकारीतले पक्षी उचलून आणायला त्यांना पाळलं, आणि १९०३ साली इंग्लंडच्या केनेल क्लबने लॅब्रॅडॉर ही जात मान्य केली. दाट केस, जाड शेपूट आणि प्रचंड भूक, सगळं त्या थंड पाण्याचं देणं असावं असं वाटतं.

भुकेबद्दल तर आता पुरावाच आहे. २०१६ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या एलेनॉर रॅफन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ब्रिटनमधल्या साधारण एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. पोट भरलं, आता पुरे, हा निरोप मेंदूकडे नेण्यात या जनुकाचा हात असतो. तुकडाच गळाला, तर निरोप नीट पोचत नाही. गंमत म्हणजे अंधांना वाट दाखवणाऱ्या वगैरे मदतनीस लॅब्रॅडॉरमध्ये हा दोष तीन चतुर्थांश कुत्र्यांत सापडला. का? बहुधा खाऊसाठी काहीही करायची तयारी असलेला कुत्रा लवकर शिकतो, आणि माणसांनी नकळत नेमके तेच निवडले. २०२४ मध्ये त्याच गटाने पुढचं सांगितलं: या कुत्र्यांना दोन जेवणांच्या मध्ये भूक जास्त लागते, आणि वर शांत बसलेले असताना ते सुमारे २५ टक्के कमी ऊर्जा जाळतात. म्हणजे दोन्हीकडून मार!

तर पुढच्या वेळी कोणी म्हणालं, "तुमचा लॅब हावरट आहे हो", तर सांगा, हावरट नाही, तो खरोखर भुकेला आहे.

पण जनुकं काही बिस्किटाचा डबा उघडत नाहीत. तो उघडणारा हात कुठून आला? त्यासाठी १९व्या शतकातल्या लंडनला जावं लागेल. शहरं वाढली, मध्यमवर्ग वाढला, आणि शिकार-राखण-मेंढ्या यातलं काहीही न करणारा, नुसता सोबतीला ठेवलेला कुत्रा घराघरांत आला. याच सुमारास जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन माणूस इंग्लंडला आला. विजेपासून इमारतींचं रक्षण करणाऱ्या सळ्या विकायला. गोष्ट अशी सांगतात की बंदरावर खलाशांनी फेकलेली कडक बिस्किटं भटकी कुत्री मिटक्या मारत खाताना त्याने बघितली आणि सळ्या राहिल्या बाजूला. १८६०च्या दशकात त्याने गहू, भाज्या, बीट आणि वाळलेलं मांस यांचा 'डॉग केक' बाजारात आणला. जगातलं पहिलं मोठ्या प्रमाणावर विकलं गेलेलं कुत्र्याचं तयार खाणं ते हेच. पुढे त्याच्या कंपनीत चार्ल्स क्रफ्ट नावाचा हुशार विक्रेता होता. १८९१ पासून त्याच्या नावाने भरलेलं कुत्र्यांचं प्रदर्शन आजही भरतं, 'क्रफ्ट्स'.

बिस्किट आलं आणि एक बारीकसा बदल झाला. भाकरतुकडा हा घरातल्या जेवणाचा उरलेला भाग होता. माणसांचं जेवण झालं की दिवसातून एकदा-दोनदा, तोही उरला तर. बिस्किट कधीही देता येतं! डब्यात असतं, हात सरकवला की झालं. खाणं हे जेवण राहिलं नाही, बोलणं झालं. शाबास म्हणायचंय? बिस्किट. एकटं टाकून ऑफिसला निघालोय म्हणून वाईट वाटतंय? बिस्किट. माझ्या मते कुत्र्याच्या वजनाच्या इतिहासात हा सगळ्यात मोठा टप्पा आहे आणि त्याच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

त्या काळात डॉक्टर काय करत होते? आपल्या मुंबईचं उदाहरण घेऊ. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राण्यांचं रुग्णालय आहे, १८८३ पासूनचं. शेजारीच १८८६ मध्ये मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तेव्हाची मुंबई बैल आणि घोड्यांच्या पाठीवर चालायची, त्यामुळे पशुवैद्यकाचा मोठा भाग ओझी ओढणाऱ्या जनावरांसाठी होता. जनावर काम करू शकतं की नाही, प्रश्न एवढाच. घरात लाडाने जाड झालेलं जनावर ही डॉक्टरची बाब होती कुठे?

ती व्हायला १९७० उजाडावं लागलं. त्या वर्षी ब्रिटनमध्ये घरच्या कुत्र्यांची एक मोठी पाहणी छापून आली, आणि दर शंभरातले साधारण २८ कुत्रे लठ्ठ निघाले. शिवाय मालक वयस्क असतील किंवा स्वतः जाड असतील तर त्यांच्या कुत्र्यांत हे प्रमाण जास्त. पण मोजायचं कसं यावर एकमत नव्हतं. वजनकाट्यावर उभं केलं तरी ३५ किलो म्हणजे जास्त की बरोबर, हे जातीवर आणि हाडावर ठरतं. १९९७ मध्ये डॉटी लाफ्लॅम या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी नऊ पायऱ्यांची मोजपट्टी आणली, जी आज जगभर चालते. १ म्हणजे हाडांचा सापळा, ९ म्हणजे पिंप, ४ किंवा ५ म्हणजे उत्तम. काटा लागतच नाही, हात लागतात. आत्ता करून बघा: एका हाताची मूठ वळा आणि दुसऱ्या हाताची बोटं मुठीच्या उंचवट्यांवरून फिरवा. कुत्र्याच्या बरगड्या अशा लागल्या तर तो फार बारीक आहे. आता हात उघडा आणि पंज्याच्या मागच्या बाजूवरून बोटं फिरवा. बरगड्या अशा लागायला हव्यात. आणि तळहातासारखं मऊ मऊ लागलं, बरगडी शोधावी लागली, तर समजून जा. वरून बघितलं तर बरगड्यांच्या मागे कंबर दिसली पाहिजे.

आता तो प्रयोग, ज्याच्यासाठी खरं तर मी हा एपिसोड केला. १९८७ मध्ये अमेरिकेत प्युरिना कंपनीने लॅब्रॅडॉरची ४८ पिल्लं घेतली. एकाच वेतातल्या भावंडांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला जेवढं खाणं, त्यापेक्षा २५ टक्के कमी दुसऱ्याला. खाणं तेच, जागा तीच, आई-बाप तेच. आणि मग वाट बघितली. वर्ष-दोन वर्षं नाही, सगळे कुत्रे जाईपर्यंत! निष्कर्ष २००२ मध्ये छापून आले. जास्त खाणाऱ्या गटाचं मध्यमान आयुष्य ११.२ वर्षं. कमी खाणाऱ्यांचं १३. जवळजवळ दोन वर्षांचा फरक. आणि मला त्याहून मोठा वाटतो तो दुसरा आकडा: सांधेदुखीसाठी निम्म्या कुत्र्यांना औषध लागलं ते एका गटात १०.३ वर्षांच्या वयात, दुसऱ्यात १३.३. तीन वर्षं बिनदुखण्याची! लक्षात घ्या, जास्त खाणारे कुत्रेसुद्धा काही अवाढव्य नव्हते. त्या नऊच्या पट्टीवर सरासरी ६.७. म्हणजे आपण ज्याला कौतुकाने गुटगुटीत म्हणतो ना, अगदी तेवढेच. आणि हे सिद्ध कोणी केलं, तर कुत्र्याचं खाणं विकणाऱ्या कंपनीने. कमी विका असा सल्ला स्वतःच्याच पैशाने शोधून काढणारी कंपनी मला तरी दुसरी आठवत नाही.

पुढे लिव्हरपूल विद्यापीठाच्या मंडळींनी अमेरिकेतल्या दवाखान्यांतल्या ५० हजारांहून जास्त कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या, बारा जातींच्या. मध्यमवयात वजन जास्त असलेले कुत्रे सगळ्या बारा जातींत कमी जगले. जर्मन शेफर्ड नरांत फरक पाचेक महिन्यांचा, तर चिमुकल्या यॉर्कशायर टेरियर नरांत तब्बल अडीच वर्षांचा.

आता थोडं घरचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी सध्या नोकरीसाठी पुण्यात माझ्या आत्याकडे राहते. आत्या ७१ वर्षांची. आतोबा दोन वर्षांपूर्वी गेले. घरात ती, मी आणि मोती. मोती लॅब्रॅडॉर, साडेनऊ वर्षांचा, आतोबांनी आणलेला. मी राहायला आले तेव्हा त्याचं वजन होतं ४३ किलो. डॉक्टरांनी तपासलं, ३२च्या आसपास हवं म्हणाले. माणसात बोलायचं तर ६५ किलोच्या माणसाने ८७ किलोचं अंग वागवत फिरायचं, वर दुखणारा खुबा घेऊन. जिन्याच्या तीन पायऱ्या चढताना त्याला धाप लागायची. रक्त तपासलं, थायरॉइड बघितलं. ते बघायलाच हवं, कारण थायरॉइड कमी असेल तरी वजन चढतं. ते ठीक निघालं. एक्स-रेमध्ये खुब्याचे सांधे झिजलेले दिसले.

मी आठवडाभर वहीत लिहिलं, मोतीच्या पोटात काय काय जातं. सकाळच्या चहाला चार ग्लुकोज बिस्किटं. संध्याकाळच्या चहाला चार. खाली वॉचमनकाकांकडून दोन. एक बिस्किट म्हणजे साधारण २५ कॅलरी, म्हणजे अडीचशे झाल्या. तूप लावलेल्या दोन पोळ्या, सव्वातीनशे. झाल्या पावणेसहाशे! त्याचं खरं जेवण अजून सुरूच नाही. ३२ किलोच्या वजनावर न्यायचं तर डॉक्टरांनी हिशेब करून दिलेला दिवसाचा कोटा होता साडेनऊशेच्या आसपास.

मी ही वही आत्याला दाखवली. तिने चष्मा लावून सगळं वाचलं आणि शांतपणे म्हणाली, "अगं, मग संध्याकाळी पाच वाजता मी बोलू कोणाशी?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग १९९८ साली जर्मनीत झालेलं एक काम वाचनात आलं. तिथल्या संशोधकांनी लठ्ठ कुत्र्यांच्या आणि सडपातळ कुत्र्यांच्या मालकांना बसवून बोलतं केलं होतं. लठ्ठ कुत्र्यांचे मालक निष्काळजी असतील असं वाटतं ना? उलट ते कुत्र्याशी जास्त बोलत होते, त्याला जास्त जवळ झोपवत होते, तो जेवताना शेजारी बसून बघत होते. फक्त कुत्र्याने काहीही मागितलं, लक्ष मागितलं, खेळ मागितला, तरी त्यांना ती भूकच वाटत होती. मिसेस पंफ्री, त्या पाहणीतले वयस्क मालक, माझी आत्या, सगळी एकाच रांगेतली माणसं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये ओबी नावाचा डॅक्सहुंड जगभर गाजला. हा एवढासा लांबुडका प्राणी, आणि वजन ३५ किलो! त्याचे मालकही वयस्कच होते, त्याला नाही म्हणणं त्यांना जमत नव्हतं. त्याला दुसऱ्या घरी नेलं, वर्षभरात निम्म्याहून जास्त वजन उतरलं, लोंबणारी कातडी शस्त्रक्रियेने काढावी लागली. ओबीचे फोटो बघून लोक त्या म्हाताऱ्या मालकांना वाट्टेल ते बोलले. मला ते फार लागलं. कुत्र्याला घराबाहेर काढणं हाच उपाय असेल तर तो आमच्या उपयोगाचा नव्हता.

औषधाचाही प्रयत्न होऊन गेलाय. २००७ च्या जानेवारीत अमेरिकेत कुत्र्यांच्या लठ्ठपणावरच्या पहिल्या औषधाला मंजुरी मिळाली, भूक मारणारं औषध होतं. फार चाललं नाही, बाजारातून गेलंही.

मग आम्ही काय केलं? आत्याच्या हातातून बिस्किटाचा डबा काढून घेतला नाही. डबा तोच, आतला माल बदलला. रोज सकाळी मी मोतीचं दिवसभराचं खाणं स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजते. वाटीने नाही, वाटी फसवते. त्यातला पाचवा हिस्सा आत्याच्या डब्यात. चहाच्या वेळी तिने एकेक दाणा द्यायचा, गप्पा मारायच्या. डबा रिकामा झाला की आजचं संपलं. वर तोंडी लावायला काकडी, गाजर, उकडलेला दुधी. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका अजिबात नाहीत, ते कुत्र्यांना विषारी असतं. वॉचमनकाकांनाही गाजराचे तुकडे देऊन ठेवले, ते आधी हसले, आता मागून घेतात. तुपाची पोळी बंद झाली. त्या दिवशी घरात थोडं वातावरण तापलं होतं, ते सोडून देऊ.

चालणंही बदललं. म्हाताऱ्या, जड कुत्र्याला एकदम तासभर पळवलं तर सांधे आणखी बिघडतात. म्हणून दिवसातून चार वेळा दहा-दहा मिनिटं, मातीवर, ऊन चढायच्या आत. घरात लादीवर पाय घसरायचे म्हणून जुन्या सतरंज्या अंथरल्या. दुखण्यावर डॉक्टरांनी दिलेलं कुत्र्याचंच औषध. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला कधीही द्यायच्या नाहीत, त्याने जीव जाऊ शकतो. आणि घाई नाही. आठवड्याला एक टक्का उतरलं तरी पुष्कळ, फार भराभर उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि या वयात गेलेले स्नायू सहजी परत येत नाहीत.

साडेनऊव्या वर्षी हे करून काही उपयोग आहे का, असं मला एका मित्राने विचारलं. त्या ४८ लॅब्रॅडॉरचं गणित पिल्लूपणापासूनचं होतं, ती दोन वर्षं मोतीला मिळतील असं मी म्हणणार नाही. पण २०१० मध्ये ग्लासगोत लठ्ठ आणि सांधे झिजलेल्या कुत्र्यांवर छोटा अभ्यास झाला. वजन ६ टक्क्यांच्या आसपास उतरलं तेव्हाच लंगडणं स्पष्ट कमी झालं. ४३ किलोच्या कुत्र्यासाठी ते म्हणजे अडीच किलोच्या जरा वर. आमच्याकडे अडीच किलो सातव्या आठवड्यात उतरले, आणि त्याच सुमारास मोती एका सकाळी स्वतः उठून दाराशी येऊन उभा राहिला. पट्टा तोंडात. कित्येक महिन्यांत त्याने असं केलं नव्हतं, असं आत्या म्हणाली, आणि आत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही.

आता सात महिने झालेत. वजन ३६ किलो ४०० ग्रॅम. मध्ये दिवाळीत महिनाभर काटा हललाच नाही, चिवडा-चकली कोण कोण देत होतं देव जाणे. जिन्याच्या तीन पायऱ्या तो न थांबता चढतो. खुबा पावसाळ्यात दुखतो, तो दुखणारच. आत्याची तक्रार चालू आहे की मोती वाळलाय, पूर्वी कसा भरलेला दिसायचा. परवा शेजारच्या काकूंनीही हेच म्हटलं, तेव्हा मात्र आत्याने त्यांचा हात धरून मोतीच्या बरगडीवर ठेवला आणि म्हणाली, "बघा, हाताच्या मागच्या बाजूसारखं लागतंय का? लागायला हवं तसं."

अजून पूर्ण लागत नाही. चार किलो बाकी आहेत.

चला, आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या एपिसोडमध्ये अगदी उलट टोकाच्या कुत्र्याकडे जाऊ, मुधोळचा शिकारी कुत्रा आणि घोरपड्यांचं संस्थान. तोपर्यंत तुमच्या घरच्या मोतीच्या बरगड्या तपासून मला कळवा, नऊपैकी किती ते. भेटू!